हातसायकल: आधी चेन, मग ब्रेक

कानपूरच्या ‘एलिम्को’सारख्या कारखान्यांतून येणारी, हाताने चालवायची तीनचाकी सायकल अनेक दिव्यांगांचे पाय असते. तरी ती दुकानात जाते बंद पडल्यावरच.

पावसाळ्यानंतर चेन आधी बघावी. मधोमध बोटाने दाबली की साधारण अर्धा इंच हलावी. फार सैल चेन नेमकी चढावर उतरते, आणि ती बसवायला स्वाराला सहज खाली उतरता येत नाही! फडक्याने चिखल पुसून थेंब थेंब तेल सोडावं. वरचं तेल टिपलं नाही, तर त्यावर धूळ बसते.

मग ब्रेक दाबून सायकल ढकलावी. चाक फिरलं, तर रबर झिजलंय किंवा वायर सैल आहे.

चाक आडवं हलवल्यावर खडखडलं, तर मिस्त्रीला बेअरिंग दाखवावं. मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.