नकाशात बसणारं घर

अमेरिकेत घर घ्यायचं म्हटलं की आधी धडकी भरते ती डाउन पेमेंटची. ती अट नसलेली एक सरकारी योजना आहे आणि ती चालवतं कृषी खातं! शेतीशी मात्र तिचा संबंध नाही. उत्पन्न देणारी शेतजमीन यात बसतच नाही. योजनेचं मूळ 1949च्या गृहनिर्माण कायद्यात. कर्ज बँक देते, त्याच्या 90 टक्क्यांपर्यंत हमी खातं घेतं.

शोधाची सुरुवात खात्याच्या संकेतस्थळावरच्या नकाशापासून करावी. रंगवलेला भाग अपात्र, उरलेला पात्र. योजना ग्रामीण भागासाठी असली तरी 'ग्रामीण' म्हणजे आडरान नव्हे. शहराबाहेरच्या कित्येक वसाहती त्यात येतात. हद्दीवर तर रस्त्याच्या अलीकडचं घर चालतं, पलीकडचं नाही. म्हणून गावाच्या नावावर विसंबू नये, प्रत्येक घराचा पत्ता टाकून पाहावा.

मग उत्पन्नाची अट: साधारणपणे त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या 115 टक्क्यांपर्यंत. गोची इथेच होते. कर्जावर नाव नसलं तरी घरात राहणाऱ्या प्रौढांची कमाई धरली जाते.

ग्रीन कार्ड मिळालेल्या मराठी कुटुंबांनाही हे कर्ज मिळू शकतं. घर स्वतः राहायलाच हवं, भाड्याने द्यायला नाही.