मधुमेही मांजरांमधील अल्परक्तशर्करा

मधुमेहावर इन्सुलिनचे उपचार घेणाऱ्या मांजराच्या रक्तातील ग्लुकोज मर्यादेपेक्षा कमी होण्याच्या अवस्थेस अल्परक्तशर्करा किंवा हायपोग्लायसेमिया असे म्हणतात. निरोगी मांजराची रक्तशर्करा विश्रांतीच्या वेळी साधारणतः दर डेसिलिटर रक्तामागे ८० ते १२० मिलिग्रॅम असते. ती ६० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास ही अवस्था निर्माण झाली असे मानतात. इन्सुलिन-उपचारांचा हा सर्वांत गंभीर दुष्परिणाम असून निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत त्याचा धोका विशेष असतो. वाढलेली शर्करा शरीराची हानी दिवसांच्या आणि आठवड्यांच्या गतीने करते. घटलेली शर्करा मात्र काही तासांत, प्रसंगी काही मिनिटांत मेंदूला इजा पोहोचवू शकते. या आजाराच्या व्यवस्थापनातील बहुतेक सूचनांमागे हीच तफावत आहे.

पार्श्वभूमी

मांजरांचा मधुमेह बहुतांशी माणसांमधील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. शरीराच्या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि स्वादुपिंडातील बीटा पेशी वाढीव मागणी पुरवता पुरवता थकतात. स्थूलता, वाढते वय, घरातच राहणी आणि स्टेरॉइड वर्गातील औषधे ही त्याची प्रमुख कारणे होत. नर मांजरांत, त्यातही नसबंदी झालेल्यांत, त्याचे प्रमाण अधिक आढळते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटनमधील बर्मी जातीच्या मांजरांतही तो तुलनेने जास्त दिसतो.

माणसांमध्ये या प्रकारच्या मधुमेहावर सहसा गोळ्यांनी सुरुवात होते. मांजरांना मात्र बहुधा पहिल्या दिवसापासून इन्सुलिन दिले जाते. यामागे कारण आहे. रक्तातील ग्लुकोज दीर्घकाळ चढे राहिल्यास ते स्वतःच बीटा पेशींना मारक ठरते. या परिणामास ग्लुकोज-विषाक्तता म्हणतात. बाहेरून दिलेल्या इन्सुलिनने शर्करा आटोक्यात आली की या पेशींना उसंत मिळते आणि त्यांतील काही पुन्हा कामाला लागतात. योग्य इन्सुलिन आणि कमी कर्बोदकांचा आहार यांची जोड मिळाल्यास काही मांजरांची इन्सुलिनची गरज पूर्णपणे संपते. अशी रोगमुक्ती नव्याने निदान झालेल्या मांजरांत अधिक संभवते.

कारणे

नव्या रुग्णांतील धोका समजण्यासाठी वरील प्रक्रिया ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिल्या आठवड्यात अगदी योग्य असलेली मात्रा पाचव्या आठवड्यात अतिरिक्त ठरू शकते. मात्रा बदललेली नसते, मोजण्यात चूक झालेली नसते. मांजराचे स्वतःचे स्वादुपिंड सावरू लागलेले असते. म्हणजे अल्परक्तशर्करेचा प्रसंग अनेकदा प्रकृती सुधारत असल्याची खूण असतो. मात्र ही सुधारणा वेळीच ओळखून मात्रा कमी न केल्यास तीच जिवावर बेतू शकते.

इन्सुलिनला होणारा विरोध कमी करणाऱ्या इतर घटनांचाही असाच परिणाम होतो. दातांचा किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बरा होणे, स्टेरॉइड बंद होणे, स्थूल मांजराचे वजन उतरणे या एरवी स्वागतार्ह बाबी. पण प्रत्येकीनंतर इन्सुलिनची गरज घटते. कोरड्या दाणेदार खाद्याऐवजी कमी कर्बोदकांचे ओले खाद्य सुरू केल्यास ही घट काही दिवसांतच जाणवते. त्यामुळे इन्सुलिन चालू असताना आहारातील बदल पशुवैद्याला कळवून आणि रक्तशर्करा मोजत करावा लागतो.

दुसऱ्या गटात घरगुती प्रमाद येतात. मांजराने जेवण टाकलेले किंवा ओकलेले असताना पूर्ण मात्रा दिली जाते. एकाने दिलेले इंजेक्शन ठाऊक नसल्याने घरातील दुसरी व्यक्ती तेच पुन्हा देते. सुई टोचताना मांजर हलले आणि औषध केसांवर सांडले की आत गेले याची खात्री नसते, म्हणून मात्रा पुन्हा दिली जाते. यावर पशुवैद्यकात एक सर्वमान्य दंडक आहे: शंका असल्यास मात्रा पुन्हा देऊ नये. स्थिर प्रकृतीच्या मांजराची एक मात्रा चुकल्याने सहसा गंभीर बिघाड होत नाही. दुप्पट मात्रेने होऊ शकतो. मात्र न खाणाऱ्या मांजराचे इन्सुलिन दिवसेंदिवस परस्पर बंद ठेवणेही घातक असते, कारण त्यातून कीटोॲसिडोसिस ही वेगळी आणीबाणी उद्भवते. अशा वेळी पशुवैद्याचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा लागतो.

इन्सुलिनची तीव्रता आणि सिरिंज

इन्सुलिन दोन प्रमुख तीव्रतांमध्ये मिळते. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, तर यू-१०० म्हणजे १०० युनिट. प्रत्येकीसाठी स्वतंत्र आखणीची सिरिंज असते. यू-४० सिरिंजचे टोपण सामान्यतः लाल, तर यू-१०० सिरिंजचे नारिंगी असते. प्राण्यांसाठी बनवलेली प्रोझिंक व कॅनिन्सुलिन ही इन्सुलिने यू-४० तीव्रतेची आहेत. मांजरांत बरेच वापरले जाणारे ग्लार्जिन हे मूळचे माणसांचे औषध असून ते प्रामुख्याने यू-१०० तीव्रतेत येते.

यू-१०० इन्सुलिन चुकून यू-४० सिरिंजमध्ये २ युनिटच्या रेघेपर्यंत भरल्यास प्रत्यक्षात ५ युनिट औषध जाते, म्हणजेच अडीचपट. मांजराची सुरुवातीची मात्रा सहसा दर १२ तासांनी अवघी १ युनिट, क्वचित २ युनिट असते, हे लक्षात घेता या चुकीचे गांभीर्य कळते. भारतात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. येथे माणसांसाठीच्या अनेक इन्सुलिन-बाटल्या आजही ४० युनिटच्या, तर पेनमधील कार्ट्रिज १०० युनिटच्या असतात आणि औषधाच्या दुकानात दोन्ही प्रकारच्या सिरिंज शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. बाटलीवरील आणि सिरिंजवरील आकडा जुळतो की नाही हे दर खरेदीला पाहणे हाच यावरील उपाय होय.

लक्षणे

आरंभी मांजर एकाएकी भुकेले होते, किंवा उलट सुस्त पडून अन्नाकडे पाठ फिरवते. त्यानंतर अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, विस्फारलेल्या बाहुल्या, हाक न ओळखणे, विचित्र आवाजात ओरडणे, भिंतीकडे तोंड करून बसणे अशी चिन्हे दिसू शकतात. मेंदूला ग्लुकोजचा साठा करता येत नसल्याने पुरवठा तुटताच आकडी, बेशुद्धी आणि अखेरीस मृत्यू ओढवू शकतो. प्रसंग लांबल्यास काही मांजरांना अंधत्व येते. ते पुष्कळदा तात्पुरते, पण क्वचित कायमचे असते.

शर्करा झपाट्याने घसरली तर लक्षणे लवकर उमटतात. ती सावकाश उतरली तर आकडा बराच खाली जाऊनही मांजर बाह्यतः स्वस्थ दिसते. दिवसाचा मोठा भाग झोपेत घालवणाऱ्या या प्राण्याबाबत झोप आणि ग्लानी यांतील फरक नजरेने ओळखणे कठीण असते. म्हणून केवळ लक्षणांवर विसंबणे अपुरे ठरते.

घरगुती मापन

रक्ताचा थेंब कानाच्या कडेवरून किंवा पंजाच्या गादीवरून घेतला जातो. बहुतेक मांजरे थोड्या सवयीने आणि खाऊच्या आमिषाने हे सहन करतात. माणसांच्या ग्लुकोमीटरवर मांजराची शर्करा प्रत्यक्षाहून कमी दिसण्याची प्रवृत्ती असते. माणसाच्या रक्तातील ग्लुकोजचा मोठा वाटा तांबड्या पेशींत असतो, तर मांजराच्या रक्तात तो जवळजवळ सर्व प्लाझ्मात असतो. माणसांचे यंत्र हा फरक जाणत नाही. कोणतेही यंत्र वापरले तरी एकच यंत्र सातत्याने वापरणे आणि त्याचे नाव पशुवैद्याला सांगणे उपयुक्त ठरते.

घरातील नोंदींचे आणखी एक महत्त्व आहे. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची शर्करा केवळ ताणामुळे बरीच चढू शकते. त्या एका आकड्यावरून मात्रा वाढवल्यास घरी परतल्यावर तीच मात्रा जड होते. त्वचेवर चिकटवून सलग नोंद घेणारे संवेदकही आता मांजरांत वापरले जातात. मात्र ते रक्तातील नव्हे तर पेशींभोवतालच्या द्रवातील ग्लुकोज मोजत असल्याने त्यांचा खालचा आकडा रक्ताच्या थेंबावर पडताळून घेतात. मूत्रपट्टी अल्परक्तशर्करा दाखवू शकत नाही, कारण मांजराच्या मूत्रात ग्लुकोज उतरण्यासाठी रक्तशर्करा सुमारे २५० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत चढावी लागते. तथापि पट्टी सतत कोरी येऊ लागल्यास मात्रा अधिक होत असल्याची किंवा रोगमुक्ती जवळ आल्याची शक्यता तपासावी लागते.

प्रथमोपचार

आकडा कमी असून मांजर सावध असल्यास त्याला ताबडतोब खाऊ घालतात. एरवी वर्ज्य असलेले कर्बोदकयुक्त कोरडे खाद्य या वेळी उपयोगी पडते. दर १५ ते २० मिनिटांनी मापन करून आकडा वर येऊन टिकतो आहे याची खात्री केली जाते.

मांजर खात नसेल, झोकांड्या देत असेल किंवा आकडी आली असेल, तर मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांवर थोडी थोडी चोळतात आणि विलंब न लावता पशुवैद्याकडे नेतात. पाश्चात्त्य पुस्तिकांत यासाठी मक्याच्या सिरपचा उल्लेख असतो. मराठी घरात मध किंवा ग्लुकोज पावडर सहज मिळते. अर्धवट शुद्धीतील मांजराच्या घशात द्रव ओतू नये, तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आकडीत बोट दातांमध्ये घालू नये. मधुमेही व्यक्तींसाठी घरात ठेवलेले शर्करामुक्त गोड पदार्थ येथे निरुपयोगी आहेत, कारण कृत्रिम गोडीने रक्तशर्करा वाढत नाही. दवाखाना दूर असेल तर हिरड्यांवर चोळणे वाटेतही चालू ठेवता येते.

मांजर उठून बसले म्हणजे संकट टळले असे नव्हे. मधाचा परिणाम अल्पकाळ टिकतो, तर टोचलेले इन्सुलिन पुढील कित्येक तास काम करीत राहते. ग्लार्जिनसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनबाबत हे अधिकच खरे आहे. म्हणून सावरल्यावर लगेच अन्न देणे, मापन चालू ठेवणे आणि पुढची मात्रा पशुवैद्याला विचारल्याखेरीज न देणे आवश्यक असते.

दवाखान्यात शिरेवाटे पातळ केलेले डेक्स्ट्रोज सावकाश दिले जाते व त्यानंतर २.५ ते ५ टक्के डेक्स्ट्रोजचे सलाइन चालू ठेवतात. प्रतिसाद अपुरा असल्यास काही ठिकाणी ग्लुकागॉनही देतात.

मात्रेतील फेरबदल

लक्षणांसह प्रसंग घडल्यास पुढील मात्रा सर्वसाधारणपणे निम्म्यावर आणली जाते. लक्षणे नसतील तर कपात त्याहून थोडी कमी असू शकते. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची सिरिंज अशा वेळी सोयीची ठरते. घटवलेल्या मात्रेवरही आकडे खालीच राहिले तर इन्सुलिन थांबवून निरीक्षण केले जाते. रोगमुक्त मांजरात मधुमेह परतू शकतो, त्यामुळे कमी कर्बोदकांचा आहार व अधूनमधून तपासणी पुढेही चालू राहते.

अल्परक्तशर्करेनंतर शरीर प्रतिक्रियेदाखल शर्करा अतिरिक्त वाढवते, ही कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोजी यांच्या नावाने ओळखली जाते. मांजरांत ती कितपत घडते याविषयी मतभेद आहेत. तिचे व्यावहारिक महत्त्व एवढेच, की चढा आकडा दिसताच मात्रा वाढवण्याऐवजी आधीच्या तासांतील आकडे पाहिले जातात. पहिल्या आठवड्यांत मात्रा वारंवार न वाढवता प्रत्येक बदलानंतर काही दिवस थांबण्याची प्रथाही याच सावधगिरीची आहे.

इन्सुलिनेतर औषधे

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन व ऑगस्ट २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन या तोंडावाटे द्यावयाच्या औषधांना मांजरांसाठी मान्यता दिली. ती मूत्रपिंडांवाटे ग्लुकोज बाहेर टाकतात. त्यांच्यामुळे अल्परक्तशर्करेचा धोका बराच कमी होतो. परंतु शर्करा फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस होण्याचा धोका असतो, म्हणून आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती देऊ नयेत अशी सूचना त्या मान्यतेसोबत आहे.