झाकण लावलेली बाटली

जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, मानसशास्त्रज्ञ मॅडम सतरंजीवर बसून साबणाचे फुगे उडवत होत्या. समोर सव्वातीन वर्षांचा मुलगा. थोडे फुगे उडवून झाल्यावर त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती त्याच्यापुढे ठेवली आणि गप्प राहिल्या. खरी तपासणी या गप्प राहण्यातच असते. या वयाची मुलं सहसा अशा वेळी तोंडाकडे बघतात, ‘अजून’ म्हणतात, निदान बोट तरी दाखवतात. यानं मॅडमचं मनगट धरलं आणि त्यांचा हात झाकणावर नेऊन ठेवला. चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

आजींना त्यात वावगं वाटलं नाही. “याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता.”

मॅडमनी वाद घातला नाही. “आजी, घरी दूध हवं असलं की कसं मागतो?”

“मागत नाही हो. माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो.”

हे मॅडमनी लगेच लिहून घेतलं. ऑटिझम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. घरच्यांची अशी उत्तरं आणि सतरंजीवर दिसलेलं वागणं, यांवरच निदान उभं राहतं. नावानं हाक मारली तर मुलगा वळला नाही, बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजताच वळला. तरीही कानांची खात्री हवी म्हणून बेरा तपासणी लिहून दिली. मग ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी (आयएसएए): ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा जास्त आली तर ऑटिझम धरतात. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी हा आकडा लागतो.

आईचा प्रश्न मात्र वेगळाच होता. “मोबाईल दिला म्हणून झालं का?”

“मोबाईल बंद करा, चांगलंच आहे. पण ऑटिझम त्यानं होत नाही, आणि तुमच्यामुळेही झालेला नाही.”

मला त्या दिवसातलं सर्वांत मोलाचं काम हेच वाटलं. प्रमाणपत्राची वाट न पाहता थेरपी ठरली. घरी करायचं एक कामही मिळालं: त्यानं हात ओढला की त्याच्या उंचीला बसायचं, ‘दूध’ म्हणायचं, क्षणभर थांबायचं, मग द्यायचं.

दीड वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तपासणी मोफत असते. सेविकेला आजच सांगून ठेवा.