राजाचे नाव, सुताराचा शिक्का

गेल्या वैशाखात एका लग्नाला गेले होते. व्यासपीठावर वधूवरांसाठी मांडलेली ती सोनेरी खुर्ची वाचकांनीही कुठे ना कुठे पाहिली असेलच. वळणदार पाय, पाठीवर फुलापानांचे कोरीव काम, लाल मखमलीची गादी. माझ्या आजोबांनी उभे आयुष्य सुतारकामात घालवले. पंगती उठल्या, कार्यालय जरा रिकामे झाले, तसे ते त्या खुर्चीपाशी गेले, तिचा पाय बोटांनी चाचपला आणि मला म्हणाले, "पोरी, हा पाय वाकवलेला नाही बरं. जाड लाकडातून कापून काढलाय. किती लाकूड भुशात गेलं असेल! कुणाची ही खोड?"

"फ्रान्सच्या पंधराव्या लुईची," मी ऐटीत सांगितले. पुस्तकात या घडणीला त्याच राजाचे नाव दिलेले मी वाचले होते. आजोबा हसले. "राजानं कधी रंधा मारला होता का?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. पुढे ग्रंथालयात बसून जे हाती लागले, ते येथे मांडते.

चौदाव्या लुईच्या व्हर्साय राजवाड्यात आसन हे बसण्यापेक्षा दर्जा दाखवण्याचे साधन होते. राजाच्या समोर हातांची खुर्ची सहसा कोणाच्या वाट्याला येत नसे. डचेस पदवीच्या स्त्रियांना बिनपाठीच्या स्टुलावर बसण्याचा मान मिळे आणि तेवढ्या मानासाठीही घराण्याघराण्यांत चुरस चाले. बाकीचा दरबार उभा! या राजाने आरसेमहालात चांदीचे सामान मांडले होते. युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा १६८९ मध्ये ते सगळे वितळवण्यात आले.

१ सप्टेंबर १७१५ रोजी हा राजा वारला. गादीवर आला त्याचा पाच वर्षांचा पणतू, पंधरावा लुई. राज्यकारभार पाहणाऱ्या फिलिप दोर्लेआँने दरबार पॅरिसला हलवला, आणि १७२२ मध्ये दरबार व्हर्सायला परतला तोवर सरदारवर्गाला शहरातल्या घरांची गोडी लागून गेली होती. या घरांतील दालने लहान आणि उबदार. तेथे दरबार नव्हे, गप्पांची बैठक भरे. मग खुर्च्यांचेही दोन प्रकार पडले. सपाट पाठीच्या खुर्च्या भिंतीशी जागच्या जागी उभ्या राहत. आतून खोलगट पाठ असलेल्या हलक्या खुर्च्या मात्र ज्याने त्याने हव्या तिकडे ओढून घ्याव्यात. स्त्रियांच्या घेरदार झग्यांना जागा मिळावी म्हणून खुर्चीचे हात मागे सरकले. ज्या वळणांना आपण नुसता नखरा समजतो, त्यांतील काही अशी माणसाच्या पाठीने आणि कपड्यांनी घडवलेली आहेत.

या शैलीला 'रोकोको' म्हणतात. बागेतील कृत्रिम गुहा शिंपल्यांनी व खडकांनी सजवीत, त्या कामाला फ्रेंचमध्ये 'रोकाय' असा शब्द आहे. त्यावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार दाविदच्या शिष्यांनी थट्टेने हे नाव पाडले, असे सांगतात. म्हणजे ज्यांनी ही शैली घडवली, त्यांनी हा शब्द ऐकलाही नसेल. टीका तर त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती. जे सरळ असू शकते त्याला उगाच पीळ का घालता, अशा आशयाचा एक चिमटे काढणारा लेख कोशँ नावाच्या चित्रकाराने १७५४ मध्ये लिहिला. आजोबांचे आणि त्याचे चांगले जमले असते.

आता मूळ प्रश्न, रंधा कोणी मारला? पॅरिसमधील लाकूडकामाच्या संघात दोन शाखा होत्या. एक भरीव लाकडाच्या खुर्च्या, पलंग करणाऱ्यांची. दुसरी ओकसारख्या लाकडाच्या सांगाड्यावर किमती लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून कपाटे, मेजे करणाऱ्यांची. एक खुर्ची पुरी होईपर्यंत किती हातांतून जाई पाहा. सुताराने सांगाडा केला, कोरक्याने फुले काढली, तिसऱ्याने सोन्याचा वर्ख लावला, चौथ्याने गादी भरली. प्रत्येकाचा संघ वेगळा, आणि दुसऱ्याच्या कामात हात घातला की खटला! शार्ल क्रेसाँ या नामांकित कारागिराने कपाटांवरची ब्राँझची नक्षी आपल्याच कारखान्यात ओतली, म्हणून ओतारी आणि मुलामा देणारे त्याच्याविरुद्ध न्यायालयात गेले होते.

ही ब्राँझची नक्षी नुसती शोभेची नव्हती. दोन्ही दिशांनी फुगलेल्या पृष्ठभागावर पापुद्रे चिकटवले की कडांना ते लवकर उचकटतात; नक्षीने सांधे झाकले जात आणि कोपरे व पाय राखले जात. तिच्यावर सोने चढवण्याची रीत मात्र भयंकर होती. सोने पाऱ्यात मिसळून त्याचा लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवायचा. सोने ब्राँझवर राहे आणि पाऱ्याची वाफ कारागिराच्या छातीत जाई. पंधराव्या लुईच्या शयनगृहासाठी गोद्रोने १७३९ मध्ये दिलेले खणांचे कपाट आज लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. त्याच्यावर काफ्येरीची ब्राँझची वेलबुट्टी सर्वांगावर पसरली आहे. छायाचित्रात पाहतानाही मला ती वाफ आठवल्याशिवाय राहिली नाही.

आणि सही? १७४३ च्या नियमांनी पॅरिसच्या प्रत्येक उस्तादाला आपल्या नावाचा शिक्का मालावर मारणे सक्तीचे केले. राजाच्या खास आश्रयातील कारागीर तेवढे यातून सुटले. हा शिक्का मारायचा तो खाली किंवा मागे, सहसा दिसणार नाही अशा जागी. एका अत्यंत कुशल कारागिराने नावाऐवजी केवळ 'बी व्ही आर बी' ही आद्याक्षरे उमटवली. मोठमोठ्या संग्रहांत त्याच्या वस्तू पूजल्या जात होत्या. पण हा बरनार व्हान रिझनबर्ख, हे १९५७ मध्ये उलगडले. सुमारे दोनशे वर्षे माणूस आपल्याच मेजाखाली हरवला होता.

एक अपवाद मला फार आवडला. राजाच्या खासगी दालनासाठी ओबेनने १७६० मध्ये एक लिहिण्याचे मेज करायला घेतले. किल्लीच्या एका फेऱ्यात त्याचे गोल झाकण आणि सगळे खण उघडत किंवा बंद होत. दौती बाजूच्या खणांतून भरता येत, म्हणजे नोकराला राजाचे कागद दिसायला नकोत. ओबेन १७६३ मध्ये वारला. त्याच्याकडे काम करणाऱ्या जाँ-आँरी रीझनेरने कारखाना सांभाळला, पुढे त्याच्या विधवेशी लग्न केले आणि १७६९ मध्ये मेज पुरे केले. तोवर रोकोकोची वळणे ओसरू लागली होती; या मेजात जुने आणि नवे शेजारी नांदतात. रीझनेरने त्यावर लाकडाच्या जडावकामातच आपले नाव आणि साल उमटवले. खाली दडवून नव्हे. राजाच्या मेजावर, उघड!

पुढे क्रांती झाली. १७९३ च्या ऑगस्टपासून साधारण वर्षभर व्हर्सायच्या सामानाचा लिलाव चालला. सतरा हजारांहून अधिक नग विकले गेले. रीझनेरने त्यात स्वतःचीच काही कामे विकत घेतली. पण आता त्यांना गिऱ्हाईक नव्हते. १७९४ मध्ये नव्या सरकारने त्याला काम दिले ते असे, की राजवाड्यातील सामानावरची राजचिन्हे काढून टाकावीत. त्यातले बरेचसे त्याने स्वतः केलेले. १८०६ मध्ये तो हलाखीत वारला. ते मेज मात्र विकले गेले नाही. त्याच्यावरची राजचिन्हे बदलण्यात आली, सही राहिली, आणि आज ते पुन्हा व्हर्सायमध्ये आहे.

हे सगळे मी आजोबांना सांगितले. पाऱ्याची गोष्ट त्यांनी मुकाट्याने ऐकली. रीझनेरला स्वतःच्याच कामावर पटाशी चालवावी लागली, हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "मजुरी तरी दिली का त्याला?"