दोन झटक्यांच्या मधला काळ

मनोविकाराचा रुग्ण रुग्णालयातून घरी परतला, रात्री झोपू लागला, चार माणसांत नीट बोलू लागला, की तो बरा झाला असे मानण्याची समाजाची रीत आहे. द्विध्रुवी मनोविकाराच्या, म्हणजे लोकव्यवहारातील ‘बायपोलर’च्या, बाबतीत ही समजूत विशेष दृढ आहे, कारण या विकाराचे झटके येतात आणि ओसरतात. उन्मादाच्या भरात रुग्णाने वाडीच्या विक्रीचा विसार घेतलेला असतो, रात्र रात्र जागून नव्या धंद्याचे बेत आखलेले असतात. अवसादाच्या काळात तोच माणूस अंथरुणावरून उठत नाही. ही दोन्ही टोके सर्वांच्या डोळ्यांत भरतात. त्यांच्या मधला काळ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि संसाराची बरीचशी हानी होते ती नेमकी त्याच काळात.

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस असलेले गास हे वसईच्या बागायती पट्ट्यातील एक गाव. फुले आणि भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरचा बाजार गाठणारी माणसे या तालुक्याने पिढ्यानपिढ्या पाहिली आहेत. आता त्यांत मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या नोकरदारांची भर पडली आहे. अशा गावात, सहा महिन्यांपूर्वी रुग्णालयातून परतलेला चाळिशीचा एखादा गृहस्थ सकाळी नऊपर्यंत पडून राहिला, सांगितलेले काम विसरू लागला, लग्नकार्याला जाण्याचे टाळू लागला, तर त्याच्याविषयी घरात काय बोलले जाईल हे सांगण्यास मानसशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. झटका तर केव्हाच गेला. आता याला कामच नको आहे, असाच निवाडा होईल. काही दिवसांनी तो स्वतःही हा निवाडा मान्य करील, आणि ते अधिक घातक होय.

या समजुतीला वैद्यकाचाही हातभार लागलेला आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली उन्माद-अवसादाचा विकार आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्यापासून वेगळा काढला, तो मुख्यतः रोगाच्या वाटचालीवरून: एका रोगात माणूस ढासळत जातो, दुसऱ्यात दोन झटक्यांच्या मध्ये तो पूर्ववत होतो. झटक्यांच्या मधल्या काळातही स्वभावावर रेंगाळणाऱ्या छटांची नोंद स्वतः क्रेपेलिन यांनी केली होती. परंतु पाठ्यपुस्तकांनी ठळक रेषा तेवढी उचलली आणि छटा सोडून दिल्या. शंभर वर्षांनी, २००२ साली, अमेरिकेतील लुईस जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४६ रुग्णांचा सरासरी जवळजवळ तेरा वर्षे पाठपुरावा करून, आठवड्याआठवड्याची मोजणी मांडली. हे रुग्ण ४७.३ टक्के आठवडे कोणत्या ना कोणत्या लक्षणांनी ग्रस्त होते. त्यांतील बहुतांश काळ उन्मादाचा नव्हे, अवसादाचा होता. शिवाय पूर्ण झटक्याच्या निकषात न बसणाऱ्या सौम्य लक्षणांचा काळ हा तीव्र झटक्यांच्या काळाच्या जवळजवळ तिप्पट भरला. ज्याला विश्रांतीचा काळ म्हणत होते, तोच वस्तुतः रोगाचा मुख्य काळ ठरला.

हा रेंगाळणारा विषाद कोठून येतो, या प्रश्नाने संशोधकांना मेंदूतील जोडण्यांकडे वळविले. १९९५ साली भारतीय वंशाचे भरत बिस्वाल यांनी दाखवून दिले, की माणूस यंत्रात निश्चल पडून असतानाही मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हालचाल-केंद्रांतील चढउतार एकमेकांशी ताल धरून होत असतात. तेव्हापासून मेंदूचे कोणते भाग परस्परांशी संवाद राखतात, हे एमआरआयच्या साह्याने पाहता येऊ लागले. द्विध्रुवी विकारात भावनेचा भडका उठविणारा अमिग्डाला आणि त्यास आवर घालणारा कपाळामागचा भाग यांच्यातील संवादात फरक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले. आणि काहींमध्ये तो झटका ओसरल्यावरही टिकून होता. २०१९ साली अनेक देशांतील तीन हजारांवर व्यक्तींच्या प्रतिमा एकत्र करून झालेल्या अभ्यासात मेंदूच्या श्वेत द्रव्यातील तंतूंची घडण रुग्णांमध्ये सरासरीने काहीशी उणी आढळली, विशेषतः दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या जाड पट्ट्यात. लिथियम घेणाऱ्या रुग्णांत हे उणेपण कमी होते, ही त्यातील लक्षणीय गोष्ट.

वसईच्या बागायतदाराला हे समजण्यास पाटाचे उदाहरण पुरेसे आहे. विहिरीत पाणी आहे, केळीची रोपेही निरोगी आहेत. परंतु मधला पाट जागोजागी झिरपत असेल, तर शेवटच्या आळ्यापर्यंत पाणी पोचत नाही. दोष विहिरीला देऊन किंवा रोपाला दटावून तेथे काही साधत नाही. अर्थात उपमा ताणू नये. हे फरक समूहाच्या सरासरीत दिसतात. ते विकाराचे कारण की त्याचा परिणाम, हे अद्याप ठरलेले नाही, आणि एमआरआय काढून एखाद्या व्यक्तीला बायपोलर आहे की नाही हे कोणालाही सांगता येत नाही. तसे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत. या संशोधनाचा उपयोग दुसरा आहे: अंथरुणातल्या माणसाला आळशी ठरविण्यापूर्वी थांबण्यास ते सबळ आधार देते.

थांबून करावयाचे काय, तर आधी तपासणी. लिथियम हे १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी या विकारात प्रथम वापरले आणि आजही ते आघाडीचे औषध आहे. पण त्याने काही रुग्णांत थायरॉइड ग्रंथी मंदावते आणि त्यातून येणारा थकवा हुबेहूब अवसादासारखा दिसतो. साध्या रक्ततपासणीने जे उलगडले असते, त्यावर वर्षभर घरात भांडणे होतात. उलटपक्षी, थकवा पाहून नुसतेच नैराश्यावरचे औषध सुरू केले, तर काही रुग्ण उन्मादाकडे उसळतात. वैशाखात वाडीत राबताना घाम गेला आणि पाणी-मीठ कमी पडले, तर रक्तातील लिथियम वाढून विषबाधेपर्यंत जाऊ शकते. कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या कित्येक वेदनाशामक गोळ्यांनीही तेच होते. झोपेची शिस्त तर औषधाइतकीच महत्त्वाची. पहाटेच्या गाडीची सवय असलेल्या घरात रुग्णाने रात्री नऊला झोपावे, लग्नघरी जागरण करू नये, ही ऐश नव्हे, पथ्य आहे. बार्सिलोना येथे १२० रुग्णांपैकी निम्म्यांना एकवीस बैठकांतून विकाराची अशी ओळख करून दिली असता, पुढील दोन वर्षांत त्यांना झटके कमी आले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. या बैठकांना यंत्र लागत नाही. खोली, सतरंजी आणि एक जाणकार माणूस लागतो.

देशाची स्थिती मात्र निराळी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवी विकाराच्या सत्तर टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. जेथे झटक्यावरच उपचार नाहीत, तेथे मधल्या काळाची चर्चा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु मधल्या काळात औषध सुटते म्हणूनच पुढचा झटका येतो, आणि उपचार केल्याचा खर्च पाण्यात जातो.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या १८ व्या कलमात, मनोरुग्णास सेवेसाठी दूरचा प्रवास करावा लागू नये, ती त्याच्या निवासाच्या जवळ मिळावी, असे स्पष्ट म्हटले आहे. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यापासून वेगळा झाला. राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी गासच्या रुग्णाला जवळचे ते ठाण्याचेच. रक्तातील लिथियम मोजावयाचे, तर शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यावे लागते. रात्री नऊला गोळी घेतली, तर सकाळी नऊला. म्हणजे ज्याला अंथरुणातून उठणेच अवघड, त्याने ठाणे गाठावयाचे तर नालासोपाऱ्याहून गर्दीच्या गाडीने दादरला उतरावे, तेथे गाडी बदलावी आणि वेळेत पोचावे, अशी अपेक्षा होते. तेच रक्त गावाजवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन नमुना पुढे पाठविता येतो. त्यासाठी एक परिचारिका, एक नळी आणि महिन्यातला एक ठरलेला वार पुरे.