मालाचे मूळ गाव सांगणारी कसोटी

शहाद्याच्या शेतकऱ्यास द्राक्षमद्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु त्या धंद्यातील एक कसोटी त्याने जाणून घेण्याजोगी आहे. बाटलीवर लिहिलेले गाव खरे की खोटे, हे रासायनिक पृथक्करणाने पडताळता येते. द्राक्षरसातील पाण्यात जड व हलक्या प्राणवायूचे प्रमाण हवामानानुसार बदलते. स्ट्राँशियम धातूची समस्थानिके खडकाची ओळख देतात. ऊस व द्राक्षवेल हवेतील कर्ब भिन्न रीतीने घेतात, म्हणून मद्य करताना मिसळलेली उसाची साखरही उघडकीस येते. मधातील भेसळ याच रीतीने धरतात.

मात्र ही कसोटी तुलनेवर चालते. त्यासाठी युरोपात १९९१ साली अस्सल मद्यांच्या पृथक्करणाची नोंदपेढी स्थापन झाली. अशी नोंद नसेल तर उत्तम यंत्रही मुके राहते. शिवाय नाशिककडील व आपल्याकडील काळी जमीन बहुतांशी एकाच जातीच्या बेसाल्ट खडकाची. तेथे केवळ स्ट्राँशियमवर विसंबून भागणार नाही.

आपल्या जिल्ह्यात नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन लाभले आहे. नावाला भाव आला की परका माल त्या नावाखाली शिरू पाहतो. तेव्हा उत्पादक गटांनी दर हंगामात निवडक शेतांतील नमुने कृषी कर्मचाऱ्यासमक्ष मोहोरबंद करावेत, व सोबत गट क्रमांक, वाण, काढणीची तारीख आणि पाणी विहिरीचे की नदीचे, हे लिहून ठेवावे.