पट्टा, बक्कल आणि घोड्याची पाठ



घोड्याच्या साजाला चापाचे बक्कल कसे बसवावे, हा आजचा विषय. तो ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मला दिसते आहे. वसई स्टेशनापासून गावापर्यंत जाणाऱ्या टांग्यांचा जमाना संपला. मुंबईच्या व्हिक्टोरिया बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. आपल्या वसई-विरारच्या रस्त्यावर घोडा दिसलाच तर वरातीत दिसतो. मग हे बक्कल हवे कुणाला?

याला माझे उत्तर असे. माथेरानला मोटारींना मज्जाव आहे. तेथे आजही घोड्याच्या पाठीवर माणसे बसतात आणि ओझीही लादली जातात. देशातल्या कितीतरी गावांतून घोडे आणि खेचरे अजून गाड्या ओढतात. म्हणजे घोडा कामावरून उतरलेला नाही, आपल्या नजरेआड झाला आहे. नजरेआड काम करणाऱ्याचे हाल कोणी पाहत नाही, हे संघटनेच्या कामात मला रोज दिसते. शिवाय ही वस्तू अगदी लहान असली तरी हत्यार कसे घडवावे याचा मोठा धडा तिच्यात आहे.

आधी साज कसा असतो ते पाहू. घोड्याच्या छातीवरून एक रुंद पट्टा जातो. त्याच्या दोन्ही टोकांपासून मागे गाडीपर्यंत ओढपट्टे गेलेले असतात. गाडी ओढली जाते ती त्यांनी. पाठीवर लहानसे खोगीर असते आणि ते जागेवर राहावे म्हणून पोटाखालून आवळलेला पट्टा असतो, तो तंग. याखेरीज मागच्या बाजूस गाडी रोखण्याचा पट्टा, तोंडात लगाम, डोळ्यांना झापडे. पूर्वी हे सारे घडविणारा स्वतंत्र कारागीरवर्ग होता. जीन करणारे ते जीनगर, हे नावच त्याची साक्ष देते. या साऱ्या पट्ट्यांना एकत्र धरून ठेवते ते बक्कल.

आपल्या कमरेच्या पट्ट्याला असते तेच नेहमीचे बक्कल. एक चौकट, तिला एक काटा, पट्ट्याला भोके. ही रचना शेकडो वर्षे टिकली, कारण ती साधी आहे आणि भोकात अडकलेला काटा घसरत नाही. तिची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात तीन उणिवा आहेत.

पहिली उणीव बळाची. पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्याला सहा मिलिमीटरचे भोक पाडले की त्या जागी एकोणीस मिलिमीटर कातडे उरते. जवळजवळ चौथाई पट्टा आपण आपल्या हाताने कापून टाकला! त्यात काट्याची सारी ओढ भोकाच्या एका कडेवर येते. भोक लांबट होते, कडेला चीर जाते आणि पट्टा तुटायचा तर तेथेच तुटतो.

दुसरी उणीव मापाची. भोके साधारण इंचाइंचावर असतात. घोड्याचे अंग काही इंचाइंचाने बदलत नाही. तंग आवळताना पुष्कळ घोडे छाती फुगवून धरतात. चार पावले चालले की श्वास सुटतो आणि तंग सैल पडतो. म्हणून जाणता माणूस घोड्याला थोडे चालवून तंग पुन्हा आवळतो आणि पट्ट्याखाली दोन बोटे जातात की नाही ते पाहतो. आता एका भोकावर पट्टा सैल आणि पुढच्या भोकावर गच्च, असे झाले तर करायचे काय? सैल ठेवला तर खोगीर सरकते आणि घासते. गच्च केला तर कातडी काचते. ओढपट्ट्यांचेही तसेच. एक बाजू दुसरीपेक्षा इंचभर लांब राहिली की छातीपट्टा तिरपा ओढला जातो आणि एकाच खांद्याची साल निघते.

बैलाचा खांदा आला म्हणजे काय, हे आपल्याकडील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वर्षभर जू वाहणाऱ्या त्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी चोळतात. खांदेमळणीचा तो रिवाज कृतज्ञतेचा आहे खरा. पण खांदा येऊच नये अशी योजना ही त्याहून मोठी कृतज्ञता होय.

तिसरी उणीव सुटकेची. काट्याचे बक्कल सोडायचे तर आधी पट्टा थोडा आणखी आवळावा लागतो, तेव्हा काटा भोकातून निघतो. घोडा घसरून दांड्यांमध्ये पडला आणि पट्टे ताठ झाले की ते आणखी आवळणे माणसाच्या हातचे राहत नाही. मग पट्टा सुरीने कापावा लागतो. सुरी जवळ नसेल तर जनावर तडफडत राहते.

या तिन्ही उणिवा भरून काढण्यासाठी चापाचे बक्कल. त्यात भोक नाही, काटा नाही. पट्टा दोन पृष्ठभागांमध्ये दाबून धरायचा. पण 'दाबून धरायचा' म्हणणे सोपे आहे. स्प्रिंगने दाबला तर स्प्रिंगच्या जोरापुरताच धरेल. स्क्रूने दाबला तर हादऱ्यांनी स्क्रू ढिला होईल. खरी युक्ती अशी, की ओढ जितकी वाढेल तितकी पकड त्या ओढीनेच वाढली पाहिजे.

ही युक्ती आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होडीचा दोर खुंट्याला गुंडाळून एकटा माणूस ती कशी रोखतो ते आठवा. दोर आणि खुंटा यांमधले घर्षण दाबाच्या तीन दशांश इतके धरले, तर एका पूर्ण वेढ्याने हातातला जोर सुमारे साडेसहापट होतो आणि दोन वेढ्यांनी सुमारे त्रेचाळीसपट. दोर ओढला गेला की तोच खुंट्याला अधिक आवळतो. आयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम कोळीबांधवांच्या हाताला पुस्तकाविना ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण दाराच्या टेकूचे. दाराला आतून तिरपा दांडका लावला तर बाहेरून जितके ढकलावे तितका तो जमिनीत घट्ट रुततो. पण दांडका फार तिरपा लावला की त्याचे टोक जमिनीवरून घसरते आणि दार उघडते. आपल्या बक्कलाचे सारे मर्म या टेकूत आहे.

खाली पोलादी पट्टी, तिच्यावर कातडी पट्टा, आणि वर एका खिळीवर फिरणारा गोलसर तुकडा, ज्याला कारखान्यात कॅम म्हणतात. कॅम पट्ट्याला जेथे टेकतो ते टोक खिळीच्या थेट खाली नसून थोडे मागे, ओढीच्या उलट बाजूला हवे. पट्टा ओढला गेला की तो घर्षणाने कॅमचे टोक आपल्याबरोबर पुढे नेऊ पाहतो. पुढे येताना तो टेकू अधिक उभा होऊ लागतो. उभा होण्यास जागा नाही, म्हणून पट्टा अधिक दाबला जातो.

आता टेकूचा कोन किती असावा? कोरडे कातडे आणि पोलाद यांमधले घर्षण दाबाच्या सुमारे तीन दशांश धरले, तर उभ्या रेषेपासून सोळा-सतरा अंशांपर्यंत टेकू धरून राहतो. परंतु साज कोरडा राहतो कोठे? आपल्याकडचा पाऊस आहे, घोड्याचा घाम आहे, कातडे मऊ राहावे म्हणून चोळलेले तेल आहे. घर्षण निम्म्यावर आले तर तोच कोन साडेआठ अंशांवर येतो. म्हणून कोन ठरवायचा तो श्रावणातल्या तेलकट, भिजलेल्या पट्ट्यावरून. तो आठ अंशांच्या वर जाऊ देऊ नये.

मग आणखी कमी का ठेवू नये? कारण त्याची किंमत कातडे भरते. ओढीचा अर्धा वाटा कॅमने आणि अर्धा खालच्या पट्टीने घेतला असे धरू. शंभर किलोच्या ओढीला पंधरा अंशांच्या कोनात कातड्यावर सुमारे एकशे नव्वद किलोचा दाब येतो, आठ अंशांत सुमारे साडेतीनशे किलोचा. कोन आणखी घटवला तर दाब झपाट्याने वाढतो आणि कातडे चिरडते. एका बाजूला घसरण आणि दुसऱ्या बाजूला चिरड. बक्कल घडविणाऱ्याला या दोहोंच्या मधून वाट काढावयाची असते.

म्हणूनच कॅमला धारदार दाते देण्याचा मोह टाळावा. पहिल्या दिवशी दातेवाले बक्कल फार छान धरते. महिन्याभरात पट्ट्यावर दातांची ओळ उमटते आणि टपालाच्या तिकिटाप्रमाणे तो त्या ओळीवर फाटतो. तोंड रुंद व गोलसर असावे, उथळ खाचा पुरेत. कॅमचा आकार शंखाच्या वेटोळ्यासारखा, क्रमाने वाढत जाणारा असला तर पट्टा तीन मिलिमीटर जाडीचा असो की पाच, टेकूचा कोन तोच राहतो. गोल चकतीला मध्याबाहेर भोक पाडून केलेल्या कॅमला हे साधत नाही. हलकी स्प्रिंग जरूर असावी, पण ती पकडीसाठी नव्हे. हिसक्यांच्या मधल्या क्षणी पट्टा सैल पडला तरी कॅम त्याला टेकलेला राहावा एवढ्यासाठी.

सुटकेसाठी कॅमला लांब मूठ हवी. मूठ जितकी लांब, तितका ताठ पट्टा कमी जोराने सुटतो. ती बंद असताना पट्ट्यावर सपाट निजावी. दांडीला घासून आपोआप उघडता कामा नये. आणि पट्ट्याचे मोकळे टोक दुमडून शिवावे, म्हणजे पकड चुकली तरी पट्टा बक्कलातून पूर्ण निसटणार नाही.

धातूचाही विचार हवा. साध्या लोखंडाला खारी हवा आणि घाम मानवत नाही. शिवाय झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्याला ओले लोखंड लागले की तेथे काळा डाग पडून कातडे कुजू लागते. गंज न चढणारे पोलाद महाग, पण दर पावसाळ्यानंतर बदलाव्या लागणाऱ्या बक्कलापेक्षा स्वस्तच. घोड्याच्या बाजूची पट्टी रुंद, कडा गोल केलेली आणि खाली गादी असलेली हवी. कोपराच्या मागे जेथे कातडीला घडी पडते तेथे बक्कल कधीही येऊ देऊ नये.

एवढे करूनही सर्व पट्ट्यांना चापाचे बक्कल लावा असे मी म्हणणार नाही. तंगाला आणि छातीपट्ट्याच्या उंचीला ते लावावे, कारण तेथे बोटभर मापाचे महत्त्व आहे. ओढपट्ट्यांवर ते लावायचे तर आधी कसोटी घ्यावी. अडीचशे-तीनशे किलोचे तट्टू घसरले तर आपले सारे वजन पट्ट्यावर टाकू शकते. तेवढी वाळूची पोती टांगा. पट्ट्यावर खडूची रेघ ओढा. पट्टा कोरडा, भिजवलेला, तेल लावलेला आणि चिखलात बुडवलेला, असा चार वेळा रात्रभर टांगून सकाळी रेघ पाहा. आणि शेवटची कसोटी रोज साज चढविणाऱ्याच्या हातात द्या. अंधारात, ओल्या बोटांनी त्याला ते उघडता आले पाहिजे. त्याला विचारल्याशिवाय केलेले बक्कल कागदावर कितीही सुंदर असले तरी अपुरेच.

आता बक्कल जेथे बनेल तेथे जाऊ. वालीव, गोखिवरे, सातिवली येथील गाळ्यांतून असल्या लहान वस्तू पॉवर प्रेसवर निघतात. पत्रा ठेवायचा, पायाने दाबायचे, तुकडा उचलायचा. दिवसातून हजारो वेळा. बोटे गमावलेले हात मी या वस्तीत पाहिले आहेत. धोक्याच्या यंत्राला आडोसा हवा ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात होती. पण मजुरी नगावर असली की आडोसा काढला जातो, कारण आडोशाने नग कमी निघतात. दोन्ही हातांनी दोन कळा दाबल्याशिवाय प्रेस उतरूच नये अशी जोडणी करता येते. तेव्हा बोट साच्याखाली राहूच शकत नाही. घोड्याची कातडी वाचविणारे बक्कल माणसाचे बोट घेऊन तयार होणार असेल, तर त्या शोधाचे मला कौतुक नाही.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. त्याच १९४८ च्या कायद्याने प्रौढ कामगाराला दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती ठरवून दिली. ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांतही दिवसाचे नऊ तास आणि सलग पाच तास हीच मर्यादा आहे. शिवाय पारा सदतीस अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, साजाला टोचणारे किंवा जखम करणारे काही असू नये, खोगीर पाठीच्या उंचवट्यावर थेट टेकू नये, असेही त्यांत लिहिले आहे. माणसासाठी आणि घोड्यासाठी कायद्याने एकच घड्याळ लावले! पुढे कामगारांचे कायदे बदलले, संहिता आल्या. पण ज्याच्या अंगावर पट्टा चढतो त्याला तो कोठे काचतो हे विचारण्याचे काम कोणताही कायदा आपोआप करीत नाही. घोडा तर बोलूही शकत नाही. त्याच्या वतीने आपण बोटे घालून पाहावयाची असतात.

आपल्यापैकी कोणाचा गाळा असेल, कोणी तंत्रनिकेतनात शिकत असेल, तर हे बक्कल करून पाहावे. वालीवला बनवावे आणि माथेरानला नेऊन घोडेवाल्यांच्या हाती द्यावे. ते जे दोष काढतील ते लिहून घ्यावेत आणि दुसरे बनवावे.